सकाळचे खोटे इशारे

"डिंक तुझा, म्हणजे दोषही तुझाच. आता तरी मान्य कर," लॅपटॉपमधून डोनल म्हणाला.

"काही मान्य करणार नाही. आधी तुझी चिप थंडीत काय दिवे लावते ते दाखव," असं म्हणून रिकार्डानं लोणी लावायची सुरी त्याच्या तोंडावर रोखली. पडद्यावरच्या तोंडावर. डोनल तिकडे आयर्लंडमध्ये, कॉर्कला, आणि आम्ही इकडे केमनिट्समध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.

मी समोर ब्रेड चावत बसलो होतो. हे भांडण रोजचंच होतं, पण त्या दिवशी डोनलचा आवाज जरा जास्तच गोड लागला, आणि समोरचा गोड बोलायला लागला की माझं डोकं फिरतं. मी लॅपटॉपसमोर तोंड नेलं आणि त्याला सांगितलं की माझ्या बहिणीच्या डिंकाला अक्कल असती तर तो तुला कधीच चिकटला नसता. डोनलनं विचारलं, हा कोण?

"माझा भाऊ. फाल्क," रिकार्डा म्हणाली. "शाळा सोडून घरी बसलाय, म्हणून आवाजाला जोर आहे."

डोनल हसला. मला ते जास्त लागलं.

रिकार्डा माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई हॅम्बुर्गला हॉस्पिटलात नर्स आहे, जमेल तेव्हा येते. मी गणिताच्या मास्तराशी भांडून शाळेतून निघालो तो परत गेलोच नाही, तेव्हापासून रिकार्डाकडेच राहतो. ती संशोधन संस्थेत आहे. तिचं काम लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते, कारण ती एक अशी वस्तू बनवत नाही. फ्रान्समधून कान येतो, म्हणजे हालचाल टिपणारा इवलासा सेन्सर. आयर्लंडमधून पोट येतं, म्हणजे चालताना टाचेखाली जो दाब पडतो त्यातून वीज काढून साठवणारी डोनलची चिप. फिनलंडमधून डोकं आणि जीभ येते, म्हणजे ठरवणारा प्रोग्रॅम आणि फोनवर इशारा धाडणारा रेडिओ. आणि रिकार्डा हे सगळं नखाएवढ्या जागेत एकमेकांशेजारी बसवून, तारा जोडून, वरून डिंकाची कातडी चढवते. एकेकटं सगळं झकास चालतं. एकत्र बसवलं की भांडायला लागतं. तेच तिचं काम, त्यांना एका घरात नांदवायचं. युरोपचे अर्धे प्रोजेक्ट असेच असतात म्हणते ती, चार देश आणि एक करंगळीच्या नखाएवढी वस्तू.

ही वस्तू बुटाच्या तळव्यात जायची. म्हाताऱ्या माणसांसाठी. माणूस पडला की तळवा ते ओळखणार आणि घरच्यांच्या फोनवर इशारा पाठवणार. नाही पडला तर गप्प. वीज इतकी थोडी की उगाच बोलणं परवडतच नाही.

चारही देशांतले म्हातारे हे तळवे घालून हिंडत होते. आणि खोटे इशारे यायचे ते फक्त आमच्या भागातल्या सहा जणांचे. माणूस धड उभा, आणि फोनवर इशारा की पडला. तोही रोज सकाळी. डोनलचं म्हणणं, सकाळी थंडी असते, थंडीत रिकार्डाचा डिंक आकसतो, सेन्सरला दाबतो आणि सेन्सरला वाटतं माणूस आपटला. रिकार्डा म्हणायची, मग फिनलंडमध्ये का नाही होत, तिथं तर बर्फात गाड्या गाडल्या जातात. त्यावर डोनल म्हणे, त्यांची घरं आतून गरम, तुमचे डोंगरातले म्हातारे बूट तळघराच्या जिन्यात काढून ठेवतात.

तेवढं खरं होतं. त्या सहांतले एक आमचे आजोबा होते. त्यांचे बूट तळघराच्या जिन्यातच असतात.

ब्रसेल्सहून तपासायला तीन जण येणार होते. दोष कातडीत निघाला तर पुढच्या टप्प्यात कातडीचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार. आणि रिकार्डाची नोकरी प्रोजेक्टला बांधलेली. तिकडे सगळ्यांचीच असते तशी. प्रोजेक्ट संपला की माणूस संपला. हॉलंडमधून, आइंडहोव्हनहून, तिला बोलावणं आलेलं होतं आणि महिनाअखेरीला हो की नाही ते कळवायचं होतं. "तूही चल," असं ती मला म्हणाली होती. मी काय, मी कुठेही जाऊन बेकार बसू शकतो. पण आजोबा आपलं गायर गाव सोडून कुठेही जाणार नव्हते, आणि त्यांना बघायला दुसरं कोणी नव्हतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, म्हणून आम्ही त्यावर बोलायचो नाही. बटाटे जास्त शिजले का, कचरा कुणी टाकायचा, यावर भांडायचो.

डोनल गेल्यावर तिनं लॅपटॉप मिटला. तीन आठवडे ती तेच करत होती, डिंक भट्टीत घाल, मग बर्फात घाल, मग परत भट्टीत. डोळे लाल.

"फाल्क्या, तुला काही काम नाही ना?"

मी म्हटलं, सुरुवात अशी केलीस तर असणार.

"आजोबाकडे जाऊन राहा थोडे दिवस. सकाळी तो काय करतो, बूट कुठे ठेवतो, किती थंडी असते, नीट बघ. तुला दुसऱ्याच्या चुका बरोबर दिसतात. त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे."

बसनं गायरला जायला फार वेळ लागत नाही. आजोबा म्हणजे गॉटहार्ड, वय ब्याऐंशी, शेजारच्या गावातल्या कथलाच्या खाणीत ती बंद पडेपर्यंत कामाला. खाण बंद झाली तरी खाणकऱ्यांचं मंडळ चालू आहे. सणावाराला हे सगळे काळे कोट आणि तुऱ्याच्या टोप्या घालून बँडमागून चालतात. रिकार्डाला चाचणीसाठी म्हातारे हवे होते तेव्हा आजोबांनीच मंडळातून आणून दिले. सहाच्या सहा खाणवाले.

पहिल्या सकाळी मी झोपून राहिलो. रिकार्डाचा फोन आला. इशारा आला, काय दिसलं? मी म्हटलं, उशी दिसली. तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या सकाळी मी उठून स्वयंपाकघराच्या दारामागे उभा राहिलो. आजोबांनी कॉफी घेतली. बूट घातले, नाड्या बांधल्या. घड्याळाकडे बघितलं. मग परत बसले, डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, तळघराचं दार उघडलं आणि बूट दिला जिन्यावरून खाली सोडून.

धड, धड, धड, धड. तळाशी गेला.

मग कठडा धरून, एका पायात बूट आणि एका पायात मोजा, हे म्हातारं खाली उतरलं, बूट घेऊन वर आलं, घातला आणि फोनशेजारी जाऊन बसलं. फोन वाजला.

"नाही, नाही पडलो," आजोबा म्हणाले. "सगळं ठीक. ग्लुक आउफ." आणि ठेवून दिला. आमच्याकडे खाणवाले भेटताना आणि निरोप घेताना हेच म्हणतात. वर सुखरूप ये, असं काहीसं.

मी दारामागून बाहेर आलो तो ओरडतच. काय बोललो ते मला धड आठवत नाही. वेड लागलंय का, दिवसातून एकदाच तू पडशील असं काही करतोस आणि ते हेच, असं काहीतरी. आजोबा शांतपणे नाडी बांधत होते. माझं संपेपर्यंत त्यांनी गाठ मारली.

"बस, पोरा. जुन्या खाणीत पाणी उपसायला चाक असायचं," ते म्हणाले. "चाकाला एक छोटी घंटा. चाक फिरलं की एक टोला. खाली माणसं काम करताहेत, वर घंटा वाजतेय. जोवर वाजतेय तोवर पंप चालू, सगळं ठीक. गप्प झाली की हातातलं टाकायचं आणि वर पळायचं."

मी म्हटलं, ते मला माहीत आहे, गायरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"मग? रिकार्डानं मला दिलंय ते यंत्र मी पडल्यावर वाजणार. तोवर गप्प. हे उलटं नाही का? मी पडून राहिलो आणि यंत्रही बिघडलं, तर तिला काय कळणार? काहीच नाही. गप्पच. म्हणून मी रोज सकाळी एक टोला देतो. बिचारी विचारते, पडलास का. मी खरं ते सांगतो."

तिला हे कधी सांगितलंस, असं मी विचारलं. त्यात सांगायचं काय, म्हणाले. घंटा वाजते ती कशाला वाजते हे कुणी कुणाला सांगतं का.

तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काहीतरी आलं. मी विचारलं, बाकीचे पाच?

आजोबा जरा ताठ बसले. मंडळात ठरलंय, म्हणाले. आधी हॅराल्ड, मग बाकीचे, माझा नंबर शेवटी. सगळ्यांच्या घरी तळघर आहे.

मला हसू आलं, खरं सांगतो. सहा म्हातारे ओळीनं सहा बूट जिन्यावरून सोडताहेत, आणि तिकडे चार देशांतले शिकलेले लोक त्यातून डिंकाचा स्वभाव शोधताहेत. पण हसू पोटात असतानाच राग वर आला. मी म्हटलं, तुमच्या घंटेपायी ती तीन आठवडे डिंक भाजत बसलीय. तिचं काम वाईट आहे असं ठरणार आहे. मग ती हॉलंडला जाणार. कायमची.

हे त्यांना माहीत नव्हतं. बोलून गेल्यावर मला कळलं की माहीत नव्हतं.

आजोबांनी दोन्ही बूट काढले. अंगठ्यानं उचकटून तळवे बाहेर काढले आणि ब्रेड कापायच्या पाटावर शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, मी सांगीन तिला, उद्या संध्याकाळी, माझ्या तोंडानं. तू मध्ये बोलायचं नाही. आणि बाकीच्या पाचांना एकेक करून फोन लावले. प्रत्येकाला एवढंच, घंटा बंद.

आता तिकडचं सांगतो, ते मला नंतर डोनलनंच सांगितलं.

तपासणीच्या आधीची तालीम म्हणून सगळे देश दुसऱ्या दिवशी केमनिट्सला जमले होते. सकाळपासून पडद्यावर सगळ्यांची नजर. एकही इशारा नाही. फिनलंडच्या पासीनं आदल्या रात्री नवा प्रोग्रॅम पाठवला होता, तेव्हा सगळ्यांना वाटलं त्यानंच जमवलं. पासी तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून बोलला, तेही फक्त "छान". टाळ्या झाल्या. फ्रान्सवाल्या बाईंनी केक मागवला. डोनलनं रिकार्डाची पाठ थोपटली आणि म्हणाला, डिंक सुटला एकदाचा.

रिकार्डा फोनकडे बघत होती. मग उठून बाहेर गेली, ती परत आलीच नाही.

इकडे घरचा फोन वाजला. आजोबा मागे शेडमध्ये लाकडं रचत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. वाजू दे. मग माझ्या खिशातला वाजला. मी घेतला नाही. एक तर मी शब्द दिला होता, दुसरं म्हणजे मला खोटं बोलता येत नाही, माझा आवाजच चढतो. परत वाजला. परत. मला स्वतःचाच राग यायला लागला, मी लाकडं जोरजोरात आपटायला लागलो. आजोबा म्हणाले, लाकडानं काय केलंय तुझं.

तासाभराच्या आतच गाडीचा ब्रेक कचकन वाजला. रिकार्डा घरातून धावत मागे आली. प्रयोगशाळेत बुटांवर घालतात ते निळे प्लॅस्टिकचे मोजे तिच्या पायांत तसेच होते, एक फाटून मागे लोंबत होता. तिनं आधी आजोबांकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, मग माझ्याकडे. मला वाटलं आता मारते.

"फोन का नाही उचललात?"

"आज घंटा बंद आहे," आजोबा म्हणाले.

ती लाकूड फोडायच्या ओंडक्यावर बसली. आजोबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बूट, जिना, हॅराल्ड, मंडळ, सगळं. काही लपवलं नाही, माफीही मागितली नाही. ती ऐकत होती आणि तिचं तोंड आधी पांढरं होतं ते लाल होत गेलं. मग सुटली. तीन आठवडे, म्हणाली. तीन आठवडे मी झोपले नाही, आणि तू बूट टाकतोस. एक वाक्य सांगता आलं नाही तुला? चार देश, आजोबा. माझं नाव जातंय आणि तू बूट टाकतोस. मला आतून बरं वाटत होतं की ओरडा माझ्या वाट्याचा नाही, तेवढ्यात माझ्याकडे वळली. आणि तू, तुला डोळे म्हणून पाठवलं होतं, तू तोंडाला कुलूप लावून बसलास? मी म्हटलं, एरवी तोंड उघडलं की ओरडतेस, आज मिटलं तर ओरडतेस, ठरव एकदा.

ती हसली नाही. बराच वेळ तो फाटका मोजा ओढत बसली. मग हळू आवाजात म्हणाली,

"आज पडदा रिकामा होता. सगळे टाळ्या वाजवत होते. आणि तुझा इशारा नाही म्हणून मी गाडीची किल्ली शोधत होते."

आजोबा फक्त म्हणाले, "बघ."

मग आम्ही आत गेलो. आजोबांनी बटाटे उकडले. बटाटे, चक्का, वरून जवसाचं तेल. रिकार्डानं तीन वेळा वाढून घेतलं. खाताखाताच तिनं डोनलला फोन लावला, फोन पाटाशेजारी ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. मग डोनल म्हणाला, म्हणजे माझी चिप निर्दोष, तुझा डिंक निर्दोष, आरोपी ब्याऐंशी वर्षांचा. मी ओरडून सांगितलं, आधी माफी माग तिच्या डिंकाची. मागितली. डिंकाची वेगळी आणि तिची वेगळी, असं मला हवं होतं, तसं मागितली.

मला वाटलं होतं, संपलं. पण रिकार्डा म्हणाली, रोज एक टोला हवा. मी ठीक आहे, एवढाच. त्यावर डोनल उसळला. एकेका टोल्याला किती वीज जाते, त्यात चार पडण्यांचे इशारे निघतात. रिकार्डा म्हणाली, माणूस चालला की वीज येते, आजोबा पावाच्या दुकानापर्यंत जाऊन येऊ दे, तेवढ्यात एक टोला बसतो का बघ. डोनल आकडे पुटपुटायला लागला. आजोबा मध्येच म्हणाले, पावाच्या दुकानापर्यंत चढ आहे, तो धरलास का. मग तिघं जी भांडायला लागली! पण हे भांडण वेगळं होतं. बघितलं की कळायचं.

तपासणीच्या दिवशी सहाच्या सहा म्हातारे संस्थेच्या दारात आले, काळे कोट, तुऱ्याच्या टोप्या. कुणी बोलावलं नव्हतं. शिपायानं त्यांना बँडवाले समजून मागच्या दारानं न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा माझं आणि त्याचं थोडं झालं. रिकार्डानं तपासायला आलेल्या लोकांना काही न लपवता सांगितलं, की सहा जणांचे आकडे निकामी आहेत आणि का आहेत. म्हातारं माणूस यंत्राकडून काय मागणार हे कुणी विचारलंच नाही, ही चूक आमची, असंही सांगितलं. त्यांतल्या लिस्बनच्या बाईंनी आजोबांना विचारलं, तुम्ही खरंच बूट फेकत होता? आजोबांना ते लागलं. फेकत नव्हतो, म्हणाले, सोडत होतो. ती बाई हसली नाही. तिनं विचारलं, तुमच्याकडे ती घंटा अजून आहे का, मला बघायची आहे. त्यावर हॅराल्ड उठून उभाच राहिला.

निकाल यायला वेळ लागला. आला तो असा, की सहा महिने मुदत वाढवून दिली. सगळी चाचणी पहिल्यापासून, टोल्यासकट. पैसे मात्र एक छदाम जास्तीचा नाही. युरोपात ही पद्धत आहे म्हणे, वेळ देतात, पैसे नाही. कातडीचं काम रिकार्डाकडेच राहिलं, पण आहे त्या पैशांत सहा महिने काढायचे तर तिला अर्धा पगार. अर्धा दिवस काम लिहायचं आणि पूर्ण दिवस करायचं. ती म्हणाली, नवीन काही नाही त्यात.

मी विचारलं, आणि आइंडहोव्हन? महिनाअखेर तर होऊन गेली होती. मी रोज तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि विचारायची हिंमत होत नव्हती, म्हणून बाकी सगळ्यावरून भांडत होतो.

"त्यांना नाही म्हणून कळवलं मी," भांडी पुसता पुसता म्हणाली. "त्याच दिवशी. ओंडक्यावर बसले होते ना, तिथूनच."

म्हणजे निकालाच्या कितीतरी आधी! नोकरी राहते की जाते काही माहीत नसताना! माझी अशी सटकली, मी म्हटलं मला का नाही सांगितलंस, मी इकडे मरतोय. ती म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू आजोबाला सांगितलं असतंस, आजोबानं मंडळाला, आणि मग ते सहा जण तुतारी घेऊन आले असते. वर म्हणे, पुढच्या शाळेच्या वर्षाचं बघू या का तुझं. मी ताटली आपटली. फुटली नाही, जाड असते ती. त्यावर अजून आमचं भांडण चालूच आहे, आणि मी इतक्यात ऐकणार नाही, लिहून ठेवा.

नवे तळवे काल तयार झाले. गायरला न्यायचं खोकं गाडीत आहे, डोनल विमानानं आलाय आणि पुढच्या सीटवर बसून माझी जागा अडवतोय. रिकार्डा खालून हॉर्न देतेय, परत देतेय, शेजारची बाई खिडकी उघडून बघतेय. बस, मला आता निघायलाच हवं.